नंबर वनने काय गाळलं

१३ नोव्हेंबर २००० ला बाजारात आलेल्या एका सीडीच्या लाल कव्हरवर मोठा पिवळा आकडा होता, १. तेच अल्बमचं नाव. आत लिव्हरपूलच्या बीटल्स या चौघांच्या बँडची २७ गाणी, एका सीडीत जेमतेम मावतील एवढी. बँड फुटून तीस वर्षं झाली होती, बँडमधल्या जॉन लेननला जाऊन वीस. तरी तिसाहून अधिक देशांत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, जगभर तीन कोटींच्या वर प्रती खपल्या, आणि अमेरिकेत २००० ते २००९ या दशकातला सर्वाधिक खपाचा अल्बम म्हणून त्याचीच नोंद झाली. त्या दशकात नव्या दमाच्या गायकांची वानवा नव्हती. पण बाजी मारली ती साठच्या दशकातल्या सिंगल्सनी, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांनी.

गाणी निवडायचा नियम सोपा होता. ब्रिटन किंवा अमेरिका, दोन्हींपैकी कुठेही चार्टवर, म्हणजे आठवड्याच्या लोकप्रियतेच्या यादीवर, पहिला क्रमांक मिळालेलं गाणं आत, बाकी बाहेर. कुणाची आवडनिवड नाही, वशिला नाही, वादावादी नाही. आकडा सांगेल ते खरं. माझ्या मते या संग्रहाची खरी अडचण नेमकी हीच आहे. आकड्याला संपादक नेमलं की निवडीची जबाबदारी कुणाच्याच अंगावर पडत नाही; निवड मात्र होऊन बसलेली असते. हिट गाण्यांच्या संग्रहांना माझा विरोध नाही, आक्षेप आहे तो मालक नसलेल्या निवडीला. आणि हा प्रश्न लिव्हरपूलच्या चार पोरांपुरता राहिलेला नाही. आज आपल्या कानावर पडणाऱ्या संगीतातलं बरंचसं याच पद्धतीने चाळून पुढे ठेवलेलं असतं.

आधी संग्रहांची बाजू घेतो, कारण दर्दी मंडळी 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हटलं की नाक मुरडतात. अल्बम ही म्हणे अखंड कलाकृती, आणि संग्रह म्हणजे त्यातले मोहरे उपटून मांडलेलं दुकान. बीटल्सच्या बाबतीत हा तोरा टिकत नाही. सिंगल म्हणून विकलेलं गाणं पुन्हा एलपीवर, अल्बमच्या मोठ्या तबकडीवर, घालायचं म्हणजे गिऱ्हाइकाकडून एकाच मालाचे दोनदा पैसे घ्यायचे, अशी समजूत तेव्हाच्या ब्रिटनमध्ये होती, आणि बीटल्स व त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ती बऱ्यापैकी पाळली. त्यामुळे 'शी लव्ज यू', 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड', 'पेपरबॅक रायटर', 'लेडी मॅडोना', 'हे जूड' यांपैकी एकही गाणं त्यांच्या मूळ ब्रिटिश स्टुडिओ अल्बमवर नाही. सगळे अल्बम विकत घ्या, पाठ करा, तरी 'हे जूड' तुम्हाला भेटणार नाही. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' ही दोन गाणी खरं तर १९६७ च्या मोठ्या अल्बमसाठी रेकॉर्ड व्हायला लागली होती. फेब्रुवारीत ती सिंगल म्हणून काढली आणि त्या प्रघातापायी अल्बममधून वगळली. ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक, असं मार्टिन पुढे म्हणाले.

म्हणजे या बँडची सिंगल्स हे त्यांचं स्वतंत्र काम आहे. ती एकत्र मांडणारा संग्रह नसेल तर निम्मा बीटल्स हरवतो. आपल्याकडे तर बहुतेकांची या मंडळींशी ओळखच संग्रहातून झाली. कुणाच्या तरी मोठ्या भावाने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेली कॅसेट, तिच्यावरून भरलेली दुसरी, तिच्यावरून तिसरी, आणि आतल्या कागदावर बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावं, त्यातली दोन-तीन हमखास चुकीची. आमच्या पिढीला अल्बम वगैरे प्रकरण नंतर कळलं. (ते दुकानही २०१६ साली बंद झालं.) ज्याने आधी संग्रह ऐकला त्याला मग अल्बमकडे जाता येतं; उलट्या दिशेने आलेले फार थोडे. म्हणून संग्रह काढूच नयेत हे म्हणणं मला उमगत नाही. प्रश्न आहे तो कसा काढावा याचा.

आता आकड्याचा कारभार जवळून पाहू.

२००० च्या त्या अल्बमची सुरुवात होते 'लव्ह मी डू' या गाण्याने. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये ते सतराव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं होतं. पण १९६४ मध्ये अमेरिकेत बीटल्सची लाट आली तेव्हा जुना माल म्हणून तिथे विकायला काढलेलं हेच गाणं पहिलं आलं, आणि त्या जोरावर आत बसलं. त्याच्यानंतरचं सिंगल 'प्लीज प्लीज मी'. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याचं रेकॉर्डिंग आटोपल्यावर मार्टिन यांनी पोरांना कंट्रोल रूममधूनच सांगितलं होतं की तुमची पहिली नंबर वन रेकॉर्ड आत्ता झाली. गाणं खरोखर पहिलं आलंही, 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'च्या यादीत आणि 'मेलडी मेकर'च्याही. फक्त 'रेकॉर्ड रिटेलर' नावाच्या, दुकानदारांसाठी निघणाऱ्या साप्ताहिकात ते दुसरं राहिलं.

तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारमान्य म्हणावी अशी एक यादीच नव्हती. प्रत्येक नियतकालिक आपापली दुकानं धरून आपापला चार्ट छापी. 'रेकॉर्ड रिटेलर'ने १९६० मध्ये सुरुवात केली ती तीसेक दुकानांच्या जोरावर. सगळ्यांनी मानावा असा एकच चार्ट फेब्रुवारी १९६९ मध्ये आला. त्याआधीचा इतिहास मागाहून लिहिला गेला. १९७७ मध्ये हिट सिंगल्सचं गिनेसचं पुस्तक निघालं तेव्हा संपादकांना कुठली तरी एक यादी धरावी लागली. १९६० नंतरसाठी त्यांनी 'रेकॉर्ड रिटेलर' धरली आणि तीच प्रमाण होऊन बसली. त्या वेळी ज्या गाण्याला इंग्लंडातली बहुतेक तरुण मंडळी पहिलं समजत होती, ते चौदा वर्षांनी दुसरं ठरलं. २००० साली त्याच कारणाने ते संग्रहाबाहेर राहिलं. आता यातला निःपक्षपाती आकडा कोणता?

'स्ट्रॉबेरी फील्ड्स'ची गोष्ट याहून बोचरी. सिंगलच्या दोन्ही बाजूंना बरोबरीचा मान होता. ब्रिटनमध्ये ही रेकॉर्ड दुसऱ्या क्रमांकावर अडली, कारण वर 'रिलीज मी' हे गाणं सहा आठवडे ठाण मांडून होतं. ते गाणारे एंगलबर्ट हम्परडिंक यांचा जन्म मद्रासचा, हे जाता जाता. अमेरिकेत तेव्हा दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजत. तिथे 'पेनी लेन' पहिलं आलं, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आठवं. म्हणून संग्रहात 'पेनी लेन' आहे आणि त्याच तबकडीवरचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' नाही. वेगवेगळ्या स्वरांतले आणि वेगवेगळ्या लयींतले दोन टेक टेपचा वेग कमी-जास्त करून एकमेकांना जोडले आणि पॉप गाण्यात काय काय होऊ शकतं याची हद्दच पुढे सरकली, ते हे गाणं. बीटल्सचं मोठेपण कशात होतं हे कुणी विचारलं तर मी आधी हेच ऐकवेन. आकड्याच्या दरबारात त्याला जागा नाही.

बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने लिहिलेलं एकच गाणं संग्रहात आहे, 'समथिंग'. तेही कसं आलं पाहा. १९६९ च्या शरद ऋतूत अमेरिकेत 'कम टुगेदर' आणि 'समथिंग' या एकाच सिंगलच्या दोन बाजू चार्टवर वेगवेगळ्या चढत होत्या आणि एकमेकींची मतं खात होत्या. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथला चार्ट छापणाऱ्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने नियम बदलला आणि दोन्ही बाजू एकत्र मोजायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात जोडी पहिली आली. हाच नियम वर्षभर आधी असता तर 'हे जूड'च्या पाठीवरचं 'रेव्होल्यूशन'ही नंबर वन ठरलं असतं आणि आज लाल कव्हरच्या आत असतं. बरं, नियम तरी इमानाने पाळावा. १९७० मध्ये 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' अमेरिकेत पहिलं आलं तेव्हा चार्टवर त्याच्या जोडीला हॅरिसनचं 'फॉर यू ब्लू' होतं, एकाच ओळीत. संग्रहात पहिलं आहे, दुसरं नाही. म्हणजे कुणीतरी माणूस तिथे बसला होता आणि त्याने निवड केली. फक्त ती 'नियमाने झाली' असं दाखवायची सोय होती.

सगळ्यात मोठं नुकसान सिंगलच्या पाठीमागच्या बाजूचं झालं. ए-बाजू कंपनीच्या गरजेची, रेडिओवर वाजणारी. बी-बाजूवर कुणाचं फारसं लक्ष नसे, आणि लक्ष नसलं की कलावंताला हवं ते करता येतं. 'पेपरबॅक रायटर'च्या मागे 'रेन' आहे, १९६६ चं. ताल आणि गिटार जलद वाजवून रेकॉर्ड केले आणि टेप हळू फिरवून खाली आणले, त्यामुळे ड्रम्सना चिखलातून चालल्यासारखं वजन आलं. शेवटी लेननचा आवाज उलटा फिरतो. बँडच्या ड्रमरला, रिंगो स्टारला, स्वतःचं सर्वांत आवडतं वादन कुठलं असं विचारलं की तो याच गाण्याचं नाव घेत आला आहे. 'हॅलो, गुडबाय' या गोड पण पातळ गाण्याच्या मागे 'आय अॅम द वॉलरस' आहे. बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचं गाणं पुढे आणि आपलं मागे गेल्याचं लेननला किती लागलं होतं हे त्याने लपवलं नाही. 'गेट बॅक'च्या मागे 'डोन्ट लेट मी डाउन'. २७ गाण्यांत यांतलं एकही नाही.

आणि 'लेडी मॅडोना'च्या मागे 'दि इनर लाइट'. या गाण्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण ते आपल्या मुंबईत झालं आहे.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईला आला. फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तिथे मोनो मशीन होतं. बीटल्सची रेकॉर्ड कंपनी ईएमआय, तिच्या इथल्या कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टीरिओ मशीन रेल्वेने आणवलं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बसून हव्या तितक्या रात्री जागवणाऱ्या या माणसाला इथे साडेपाचला हात आखडता घ्यावा लागे. आसपासची ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या बाबू लोकांच्या पावलांचा आवाज थेट माइकमध्ये यायचा, आणि रस्त्यावरच्या टॅक्स्यांचाही. ही हकिकत हॅरिसननेच पुढे सांगितली आहे. चित्रपटाचं काम उरकल्यावर उरलेल्या वेळात त्याने आणखी एक गाणं उभं केलं. आशिष खाँ यांचा सरोद, महापुरुष मिश्र यांचा पखवाज, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, शिवाय सनई आणि पेटी. शब्द 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथावर बेतलेले. ते केंब्रिजला संस्कृत शिकवणाऱ्या हुआन मास्कारो यांनी सुचवले होते. हॅरिसनने लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत आवाज दिला, शेवटच्या ओळीला लेनन आणि मॅकार्टनी येऊन मिळाले.

सतारीचा तुकडा चवीपुरता घालणं 'नॉर्वेजियन वुड'मध्ये झालं होतं. इथे तसं नाही. गिटार नाही, ड्रम्स नाहीत, पाश्चात्य वाद्य जवळपास औषधालाही नाही. सरोद आणि सनई सवाल-जवाब करत सुरुवातीला धावतात, मग गाणं येतं तेव्हा पेटी आणि बासरी मागे सरकून जागा देतात; चित्रपटसंगीतात मुरलेल्या कानाला ही रचना लगेच ओळखीची वाटते. मार्च १९६८ मध्ये हे बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं पहिलं गाणं ठरलं. 'लेडी मॅडोना' ब्रिटनमध्ये नंबर वन झालं, म्हणून ते लाल कव्हरमध्ये आहे. ज्यांनी १९६८ मध्ये ती तबकडी विकत घेतली त्या प्रत्येकाने फोर्टातलं ते रेकॉर्डिंगही विकत घेतलं होतं, एकाच पैशात. आकडा मात्र एकाच बाजूच्या नावावर चढला.

मुंबईचं म्हणून आत घ्या, असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की सिंगल म्हणजे दोन बाजू. एका बाजूचा संग्रह हा सिंगल्सचा संग्रहच नव्हे.

'मग काय, कुणीतरी आपल्या आवडीची गाणी भरावीत?' असा प्रश्न येणार. हो, भरावीत, आणि खाली सही करावी. याच बँडचे दोन संग्रह याला उदाहरण आहेत. अमेरिकेत 'अल्फा ओमेगा' नावाचा चोरटा संच जाहिराती करून राजरोस विकला जाऊ लागला, तेव्हा एप्रिल १९७३ मध्ये ॲलन क्लाइन यांच्या देखरेखीखाली लाल आणि निळा असे दोन जोड-अल्बम निघाले. क्लाइन हा बीटल्सचा व्यवस्थापक राहिलेला, व्यवहारात मुरलेला, बीटल्समधल्या भांडणात गाजलेला गृहस्थ. कलेचा पुजारी म्हणून कुणी त्याचं नाव घेणार नाही. तरीही तो संग्रह चांगला झाला, कारण त्यात निवड आहे. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आहे, 'वॉलरस' आहे, सिंगल नसलेलं 'अ डे इन द लाइफ' आहे. चुकाही आहेत. लाल अल्बमच्या २६ गाण्यांत हॅरिसनचं एकही नाही. पण ती चूक दिसली, तिच्यावर लोक पन्नास वर्षं बोलत राहिले, आणि २०२३ मध्ये दोन्ही अल्बम वाढवून काढले तेव्हा 'टॅक्समन', 'इफ आय नीडेड समवन' आणि 'विदिन यू विदाउट यू' आत आली. माणसाने केलेल्या निवडीशी भांडता येतं. 'लव्ह मी डू' आत आणि 'प्लीज प्लीज मी' बाहेर का, हे कुणाला विचारायचं? तीस दुकानांना?

दुसरा संग्रह १९८८ चा 'पास्ट मास्टर्स'. त्याच्यावर 'ग्रेटेस्ट' असं काही लिहिलेलं नाही, कव्हरही सुतकी. बीटल्सचे अल्बम सीडीवर आले तेव्हा जी गाणी कुठल्याच अल्बमवर नव्हती ती गोळा करायची, एवढाच त्याचा हेतू. ३३ गाणी. 'शी लव्ज यू' आणि 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' यांच्या जर्मन भाषेतल्या काहीशा विनोदी आवृत्त्या त्यात आहेत, 'रेन' आहे, 'दि इनर लाइट' आहे. मी तरी या बँडचा याहून चांगला संग्रह ऐकलेला नाही. दर्जा ठरवायचं नाकारल्यामुळेच त्यात दर्जा उरला, असं काहीसं त्याचं झालं आहे.

बाकीच्या बँडांकडे नुसती नजर टाकली तरी दिसतं की हे दुखणं सार्वत्रिक आहे. क्वीनचा १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम. २०२२ मध्ये त्याने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. पण तो देशोदेशी वेगळा होता. अमेरिकी आवृत्तीत 'अंडर प्रेशर' होतं, ब्रिटिश आवृत्तीत नव्हतं. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये पियानो बडवलेल्या क्वीनच्या गायकाचं, फ्रेडी मर्क्युरीचं, 'ग्रेटेस्ट' काय, याची उत्तरं बाजारपेठेगणिक बदलत होती. ईगल्सचा १९७६ चा संग्रह अमेरिकेत मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'लाही मागे टाकून बसला आहे. २०१८ च्या प्रमाणपत्रानुसार ३ कोटी ८० लाख. त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही, कारण संग्रह निघाला तेव्हा ते गाणं बाहेर आलंच नव्हतं. कंपनीला धीर नव्हता. आपल्याकडच्या कॉलेज गॅदरिंगमधल्या प्रत्येक गिटारवाल्याच्या हिशेबी जे एकच ईगल्सचं गाणं, ते त्यांच्या सर्वाधिक खपाच्या संग्रहात सापडत नाही.

इथे हक्काचा मुद्दा येतो आणि तो जास्त गंभीर आहे. रेडिओहेडने ईएमआयशी काडीमोड घेतल्यावर जून २००८ मध्ये कंपनीने त्यांचा 'बेस्ट ऑफ' काढला. बँडला तो नको होता, निवडीत त्यांचा हात नव्हता. पण रेकॉर्डिंगची मालकी कंपनीची, त्यामुळे त्यांना पाहत बसावं लागलं. पिंक फ्लॉइडने मात्र आपल्या करारात अल्बम अखंड ठेवण्याचं कलम घालून घेतलं होतं आणि मार्च २०१० मध्ये लंडनच्या हायकोर्टात ते ईएमआयविरुद्ध जिंकले: गाणी सुटी करून ऑनलाइन विकायची तर बँडची संमती लागेल. एसी/डीसी तर याच कारणासाठी २०१२ पर्यंत आयट्यून्सवर गेले नाहीत. म्हणजे बळ असेल त्याचंच ऐकलं जातं. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला जो लिहून देता येत नाही, चांगलं झालं. पण आपली कुठली गाणी एकत्र बांधावीत आणि कुठल्या नावाखाली, यावर त्यांचं काही चालत नाही. ते ध्वनिमुद्रणाच्या मालकाच्या हातात.

आता सगळ्यात अवघड प्रतिवाद. कुणी म्हणेल, कंपन्या नकोत, जुने चार्ट नकोत, आता तर श्रोतेच ठरवतात. स्पॉटिफायवर १०० कोटी वेळा वाजलेलं बीटल्सचं पहिलं गाणं कोणतं? 'हियर कम्स द सन', २०२३ मध्ये. ते हॅरिसनचं. ब्रिटन-अमेरिकेत ते कधी सिंगल म्हणून निघालंच नाही, त्यामुळे २००० च्या '१' अल्बममध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला बँडमध्ये असताना अल्बममागे दोन-दोन गाण्यांवर भागवावं लागलं, त्याला पन्नासहून अधिक वर्षांनी जगाने पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. मला याचा आनंद आहे, आणि आकड्याविरुद्धच्या माझ्या तक्रारीला हा मोठाच धक्का आहे हेही मान्य.

पण हा आकडा दुसरं काही मोजतो. १९६३ चा चार्ट मोजायचा ते खिशातले पैसे काढून दुकानात गेलेल्या पोरापोरींना. आजचा मोजतो सकाळच्या चहाबरोबर, कॅफेत, धावताना, पार्श्वभूमीला चालू असलेलं. सौम्य, उजळ, कुणाला न टोचणारं गाणं त्यात पुढे जाणारच. 'वॉलरस' कॅफेत कोण लावणार? शिवाय कलावंताच्या पानावर वरची पाच गाणी आधी दिसतात, जी दिसतात ती वाजतात, आणि जी वाजतात ती वरच राहतात. त्या पाचांच्या खाली बोट सरकवणारे किती? आपल्या संगीताचंही यापुढे हेच होणार आहे. थोर गायक भास्करबुवा बखल्यांचं एकही ध्वनिमुद्रण मागे नाही. आकड्यांच्या हिशेबात त्यांचं गाणं शून्य. तरी बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्या गळ्यातून ते पुढे आलं, कारण लोकांनी ते सांगितलं, लिहिलं, त्यावर वाद घातले. ते काम मोजणीयंत्राने केलं नाही.

आणि चार्टवाल्यांना स्वतःला आकड्याचं हे सोंग चांगलं ठाऊक आहे. मार्च २०१७ मध्ये इंग्लिश गायक एड शीरनची १६ गाणी एकाच वेळी ब्रिटनच्या पहिल्या वीसात आली तेव्हा त्यांची भंबेरी उडाली आणि जुलैपासून एका मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीनच गाणी मोजायची असं ठरलं. जुन्या गाण्यांच्या स्ट्रीम्सचं वजनही कमी केलं. असा नियम अमेरिकेत ४ एप्रिल १९६४ ला असता तर बीटल्सनी पहिल्या पाचही जागा पटकावल्याची जी नोंद आहे ती झालीच नसती. नियम करायला माझी ना नाही. पण नियम करणं हे संपादनच आहे. ते करून वर 'आम्ही फक्त मोजतो' म्हणू नये.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संग्रह काढणाऱ्याने कव्हरवर निवड कुणी केली ते छापावं. कसोटी कोणती आणि तिच्यामुळे काय बाहेर राहिलं, हे आतल्या पानावर दोन परिच्छेदांत सांगावं. सिंगल्सचा संग्रह असेल तर दोन्ही बाजू द्याव्यात. बीटल्सनी ब्रिटनमध्ये १९६२ ते १९७० या काळात २२ सिंगल्स काढली, म्हणजे ४४ बाजू. दोन सीडींत सहज बसतात. हे अशक्य नाही याचा पुरावा कंपनीनेच दिला आहे. २०१९ मध्ये त्यांनी २३ छोट्या तबकड्यांची पेटी काढली, ती २२ सिंगल्स आणि नव्वदच्या दशकातलं एक, मागच्या बाजूंसकट, जुन्या कव्हरांच्या नकला करून. देखणं काम. फक्त ते विनाइलवर, शौकिनांसाठी आणि शौकिनांच्या किमतीत. पूर्ण इतिहास पैसेवाल्या संग्राहकाला आणि नंबर वनची यादी बाकीच्या सगळ्यांना, अशी ही वाटणी आहे. त्या ४४ बाजू आज प्रत्येक स्ट्रीमिंग ॲपवर इकडे-तिकडे विखुरलेल्या आहेतच. त्या तबकड्यांच्या क्रमाने, पुढची आणि मागची अशा जोडीने लावून एका पानावर ठेवायला कंपनीला ना नवं रेकॉर्डिंग करावं लागतं, ना कुणाचे हक्क विकत घ्यावे लागतात.